तुम्ही विचारलंत म्हणून : बिऱ्हाडं हलवायचा धंदा घरचाच का?

लातुरात आमच्या गोदामावर बदलीवाले, भाडेकरू, कॉलेजची पोरं असं कोणी ना कोणी रोज येतं. यादी होते, भाडं ठरतं आणि मग हमखास प्रश्न येतो, "वहिनी, एवढा व्याप आहे, तर पगारी मॅनेजर ठेवून मोठी कंपनी का नाही काढत? दीर, जाऊ, पुतण्या, सगळं घरच कशाला राबवता?" कामाच्या गडबडीत नीट उत्तर देता येत नाही. आज देते.

या धंद्यात माल एका गावी चढतो आणि दुसऱ्या गावी उतरतो. मधल्या वाटेवर मालक नसतो. माझे आजेसासरे म्हणायचे, "गाडी कुणाचीबी असू दे, पल्याड आपलं माणूस पायजे." या धंद्याचा जेवढा इतिहास मला ठाऊक आहे, तो सगळा ह्या पल्याडच्या माणसाचाच आहे.

मराठवाड्यात हे काम आधी लमाणांचं. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ, धान्य शेकडो कोस न्यायचे ते हेच लोक. दख्खनेत उतरलेल्या मोगल फौजांची रसदही त्यांनीच वाहिली. लदेणीला, म्हणजे माल लादून न्यायच्या फेरीला, अख्खा तांडा निघायचा, बायकापोरांसकट, आणि नायकाचा शब्द हीच मालाची हमी. एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते झाले, आगगाडी आली आणि लदेणी बसली. आज त्याच तांड्यांतली कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. वाहतूकदारांच्या सत्कारात त्यांचं नाव कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. पहिलं नाव त्यांचंच घ्यायला हवं.

आमचं घर या धंद्यात आलं ते बार्शी लाइट रेल्वेमुळे. १८९७ मध्ये सुरू झालेली ही अडीच फुटी रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. कुर्डुवाडीला मोठी लाइन लागायची, त्यामुळे मुंबईकडे जाणारा प्रत्येक नग तिथे लहान डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावा लागे. नग हरवायचा, भिजायचा, दुसऱ्याच्या नावावर जायचा तो तिथेच. म्हणून आजेसासऱ्यांनी धाकट्या भावाला कुर्डुवाडीत खोली घेऊन दिली. लातूरची यादी हातात धरायची आणि नग मोजून घ्यायचे, एवढंच त्यांचं काम. तेव्हा माल बहुतेक मोंढ्यातला, तूर नाहीतर करडई. बिऱ्हाड क्वचित, एखाद्या तहसीलदाराचं.

बिऱ्हाडं वाढली १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर. कचेऱ्या आल्या, साहेब आले, त्यांचे संसार आले. सरकारी बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, २००५ च्या कायद्याने तर ते ठरूनच गेलंय, त्यामुळे आमची सुगी ऐन उन्हाळ्यात.

गाडी भरणं बघायला कधी या. कपाट आणि फ्रिज केबिनकडे उभे, त्यांच्या मध्ये गाद्या. काचेचं सामान आता बबलच्या कागदात जातं, पूर्वी कडब्यात जायचं. फाळक्याजवळ शेवटी शेगडी, पाण्याची कळशी आणि डाळ-तांदळाचा डबा, कारण उतरल्यावर पहिल्यांदा तेच लागतं. देव मात्र गाडीत ठेवत नाहीत. ते घरच्या बाईच्या मांडीवर बसून जातात, आणि त्यासाठी तिला केबिनमध्ये जागा द्यायची, हा आमच्याकडचा नियम आहे.

आता साठवणुकीचं सांगते, कारण माझं खरं उत्तर तिथं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. विसर्जनाची रात्र संपत होती. हजारो माणसं गेली, पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आधी पत्र्याची शेडं, मग कितीतरी दिवसांनी पक्की घरं. तोवर ढिगाऱ्यातून निघालेलं सामान ठेवायचं कुठं? सासऱ्यांनी गोदामातली पोती एका बाजूला लावली आणि जागा मोकळी केली. भाड्याचा प्रश्नच नव्हता. पण कुठली पेटी कुणाची, हे कळायचं कसं? कागद मातीत गेले होते. सासूबाई एकेक भांडं पुसून त्यावर घातलेलं नाव वाचायच्या. तांब्यावर लेकीचं नाव, परातीवर मामाचं, घागरीवर लग्नाची तारीख. त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं. "ही अमक्याची लेक, सास्तूरला दिलेली, हिचा भाऊ निलंग्याला मास्तर आहे," असं म्हणत त्यांनी वहीत नोंदी केल्या, आणि त्या नोंदींवरून माणसं शोधली गेली. काही पेट्यांना कोणीच आलं नाही. त्या रीतसर पंचनामा करून सरकारजमा केल्या. हे काम पगारी मॅनेजर मन लावून करेलही, पण निलंग्याचा भाऊ त्याला कुठून ठाऊक असणार?

परदेशातही हा धंदा असाच वाढला. अमेरिकेत आयोवातल्या सू सिटीला १८९१ मध्ये बेकिन्स भावांनी घोडागाड्यांवर सुरुवात केली. पुढे एकाने ओमाहाचं काम पाहिलं, दुसरा लॉस एंजेलिसला गेला. आमचं कुर्डुवाडीचं तेच. लांबचा माल पोचवून गाडी रिकामी परत येते, ही सगळ्यांचीच डोकेदुखी. त्यावर तिथल्या गावोगावच्या व्यावसायिकांनी १९२८ साली अलाइड व्हॅन लाइन्स ही सहकारी संस्था काढली. एकाने नेलेली गाडी परतताना दुसऱ्याचा माल भरायचा. मराठवाड्यातल्या आम्हा लोकांनी हे अजून केलेलं नाही, आणि करायला हवं. लातूरहून पुण्याला रोज बिऱ्हाडं जातात, परतीचं भाडं शोधत ड्रायव्हर नाक्यावर ताटकळतो.

घरचा धंदा म्हणून सगळंच चांगलं, असं मी म्हणणार नाही. सासूबाईंनी जन्मभर वही लिहिली. त्यांना एक रुपया पगार मिळाला नाही की पाटीवर नाव लागलं नाही. हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याने निदान नोंदणी आणि हक्क दिले, घरच्या बाईला कुठल्या कायद्याने काही दिलं नाही.

आणि नुसता फोन नंबर असलेले पॅकर्सही आता फार झालेत. सामान चढलं की अर्ध्या वाटेत भाडं वाढवतात, नाही दिलं तर माल अडवतात. २००७ च्या कायद्याने मालवाहतूकदाराला नोंदणी सक्तीची आहे. तो नंबर मागा, सही केलेली यादी आणि बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, घ्या, आणि उतरवून घ्यायला तिकडे कोण असेल ते नावासकट विचारा. सामान ठेवायला देणार असाल तर गोदाम आत जाऊन बघा. करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी ठेवणाऱ्याने घेतलीच पाहिजे.

आमची नोंदणी आहे, जीएसटी आहे. उद्या मॅनेजरही ठेवू. पण पुण्यात गाडी उतरवायला हडपसरचा पुतण्याच उभा राहील. वही जाऊबाई लिहितात, दर महिन्याला पगार घेऊन, आणि बिल्टीवर सही त्यांचीच असते.