पोफळी मोजताना: निसर्ग वादळानंतरच्या पंचनाम्याचा माझा अनुभव

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा आमच्या घरात मी, सासूबाई आणि नववीतला मुलगा असे तिघेच होतो. यजमान टाळेबंदीमुळे मुंबईत अडकलेले होते. आमचे गाव रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेला, समुद्राला लागून आहे आणि घरामागे नारळ-पोफळीची, म्हणजे नारळ-सुपारीची, वाडी आहे; होती म्हणावे की आहे म्हणावे, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. वादळाचे वर्णन मी येथे करीत नाही. त्यानंतरच्या सहा-सात महिन्यांत पंचनामा, यादी आणि मदत या वाटेने जाताना जे कळले, तेवढेच लिहिते. कारण हे आधी कळले असते तर आमच्या आळीतल्या काही घरांचे नुकसान दुसऱ्यांदा झाले नसते.

पहिली गोष्ट अशी की पंचनाम्याच्या आधीही एक अहवाल जातो आणि त्याची गावात कोणाला कल्पना नसते. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी पोलीस पाटील आणि कोतवाल पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत आळीआळीतून फिरले. माणसे दगावली का, जनावरे किती मेली, घरे साधारण किती पडली, एवढेच त्यांनी विचारले. फोन बंद, वीज बंद, रस्ते बंद. त्यामुळे ते आकडे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून माणसाकरवी मंडळ अधिकाऱ्यांकडे पाठवले गेले. हा झाला नजरअंदाज. तालुक्यातल्या सगळ्या गावांच्या अशा चिठ्ठ्या तहसीलदारांकडे, तेथून प्रांत, जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त अशा पायऱ्यांनी मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे जातात आणि वर्तमानपत्रांत पहिल्या आठवड्यात जे आकडे येतात, ते बहुधा हेच असतात. मुख्यमंत्र्यांनी ५ जूनला रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर केली, तेव्हा आमच्या गावात एकही पंचनामा झालेला नव्हता. यात गैर काही नाही, तातडीची मदत अंदाजावरच द्यावी लागते. पण पुढे पंचनाम्यातला आकडा नजरअंदाजापेक्षा बराच वाढला की 'आधी कमी का सांगितले' याचे उत्तर तलाठ्यालाच द्यावे लागते, आणि मग तो हात आखडून लिहू लागतो. आमचे तलाठी भाऊसाहेब हे माझ्याजवळ स्वच्छपणे बोलले, म्हणून मला कळले.

सातव्या दिवशी पथक आले: तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. कृषी सहायक म्हणजे पंचविशीतली एक मुलगी होती. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेली, पाठीवर दप्तर. छापील नमुने संपल्यामुळे तिने कोऱ्या फुलस्केप कागदावर रकाने आखून आणले होते. खातेदाराचे नाव, गट क्रमांक, एकूण क्षेत्र, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी, बँक खाते. मी रकाने वाचले आणि विचारले, "झाडांचा रकाना कुठे आहे, ताई?" ती म्हणाली, "काकू, निकष हेक्टरावर आहे. झाडे विचारलेलीच नाहीत."

हा प्रश्न मी का विचारला, ते सांगायला हवे. केंद्राच्या निकषांनुसार त्या वेळी बहुवार्षिक फळपिकांना हेक्टरी १८,००० रुपये मिळत, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत आणि नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच. राज्य शासनाने निसर्गग्रस्तांसाठी तो दर हेक्टरी ५०,००० केला. ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण हेक्टरला, म्हणजे साधारण शंभर गुंठ्यांना, पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. घाटावरच्या द्राक्षबागायतदाराकडे किंवा डाळिंबवाल्याकडे एकर-दोन एकर सलग बाग असते. कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजतात, आणि त्या गुंठ्यांत माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर मिरवेल, मधे जायफळ अशी चार मजली शेती असते. आमची वाडी सातबाऱ्यावर १८ गुंठे, त्यातले २ गुंठे विहीर आणि पाणंद म्हणून पोटखराबा, म्हणजे लागवडीत न धरलेले. उरलेल्या १६ गुंठ्यांचे झाले ८,००० रुपये. एवढ्या पैशांत आडवी पडलेली झाडे कापून बाहेर काढण्याची मजुरीही सुटत नव्हती. आणि पोफळ आज लावली तर चांगले पीक धरायला सात-आठ वर्षे जातात, माडाला त्याहून जास्त.

त्या दिवशी मी हट्ट धरला. रकाना नसला तरी शेरा लिहायला जागा असते, त्यात झाडांची संख्या लिहा, असे मी सुचवले. तलाठी भाऊसाहेब कुरकुरले. अजून चाळीस घरे बाकी होती आणि पाऊस तोंडावर होता. शेवटी ठरले की मी आणि मुलाने मोजणी करून ठेवावी आणि ताईंनी संध्याकाळी परतताना पडताळून पाहावी. आम्ही घरातला चुना कालवला आणि प्रत्येक मोडलेल्या पोफळीच्या बुंध्यावर आकडा घातला. पोफळ बहुतेक वेळा मुळासकट जात नाही, मधेच काडीसारखी मोडते; त्यामुळे बुंधा उभा राहतो आणि मोजता येतो. मोडलेल्या पोफळी १६३ भरल्या. माड १४ उन्मळले होते. त्यांखेरीज ९ माड उभे होते, पण त्यांचा शेंडा पिरगळला होता, झावळ्या एका अंगाला वळून लोंबत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "हे दिवाळी बघायचे नाहीत." माडाला एकच कोंब असतो; तो दुखावला की झाड हळूहळू, पण नक्की मरते. पाहणीच्या दिवशी मात्र ते हिरवे दिसते. ताईंनी चुन्याचे आकडे मधून मधून तपासले आणि शेऱ्यात लिहिले: 'पोफळी १६३ मोडल्या, माड १४ उन्मळले, माड ९ शेंडा पिरगळलेले, जगण्याची शक्यता नाही.' ही एक ओळ पुढे किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते.

घराचा पंचनामा ग्रामसेवकांनी केला. आमची कौले निम्म्याहून अधिक गेली होती, वासे मोडले होते आणि मागच्या पडवीची भिंत माड पडून खचली होती. नियम असा की अंशतः पडझड किमान १५ टक्के असली तरच मदत मिळते. राज्याने त्यासाठी १५,००० रुपये आणि पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी ९५,१०० ऐवजी दीड लाख रुपये ठरवले होते. पण घराचे १५ टक्के म्हणजे नेमके कशाचे? छपराचे, भिंतींचे, खर्चाचे की जमिनीवर व्यापलेल्या जागेचे? ग्रामसेवकांकडे याचे उत्तर नव्हते. ते पाहून अंदाज करीत आणि पंच त्यावर सह्या करीत.

आणि त्या पंचांपैकी एक मी होते. आळीतले बहुतेक पुरुष मुंबईत अडकलेले किंवा रस्ता मोकळा करण्यात गुंतलेले असल्यामुळे सह्यांना माणसे मिळेनात, म्हणून मी सहा घरांच्या पंचनाम्यांवर पंच म्हणून सही केली. माझ्या नुकसानीबद्दल मला जेवढे वाईट वाटले, त्याहून जास्त अस्वस्थता या सह्यांनी दिली. शेजारच्या आजींच्या घराची पुढची पडवी फणसाची फांदी पडून गेली होती, बाकी घर शाबूत होते. ग्रामसेवकांनी १० टक्के लिहिले. १० टक्के म्हणजे शून्य रुपये. आजी एकट्या, आणि चूलही त्या पडवीतच मांडत. मी म्हटले, यांचे वापरातले निम्मे घर तीच पडवी आहे. ते म्हणाले, "वहिनी, मी पंधरा लिहितो, पण मग समोरच्या घरालाही लिहावे लागेल, आणि त्यांची नुसती वीस-पंचवीस कौले गेली आहेत." शेवटी पडवीची लांबी-रुंदी टेपने मोजून, तिचे मूळ घराच्या क्षेत्राशी प्रमाण काढून १७ टक्के आले आणि ते हिशेबासह कागदावर लिहिले गेले. समोरच्या घराचे १० टक्क्यांच्या आतच राहिले. त्या घरातल्या बाई त्यानंतर दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. टेपने मोजलेल्या आकड्यावर सही करणे आणि नजरेने ठरवलेल्या आकड्यावर सही करणे यांत किती फरक आहे, हे मला त्या दिवशी कळले. दुसऱ्या प्रकारची सही मी नंतर केली नाही.

यानंतरची अडचण आमच्याच घरातली होती. सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून अजून सासऱ्यांचे नाव होते आणि ते वारून नऊ वर्षे झाली होती. वाडीचे वारस पाच: सासूबाई, तीन भाऊ आणि एक बहीण. माझे नाव कुठेच नाही, आणि वाडीला पाणी मात्र मीच घालते. तलाठी भाऊसाहेबांनी सांगितले की मृत खातेदाराच्या नावे पैसे जाऊ शकत नाहीत; एकतर वारस नोंद करा, नाहीतर सर्व हिस्सेदारांचे संमतीपत्र आणा. नेटवर्क आले की समुद्राकडच्या टेकाडावर जाऊन मी दोघा भावोजींना आणि वन्संना फोन करीत असे. मोटारसायकलच्या बॅटरीवर फोन चार्ज करायचा आणि दहा मिनिटांत बोलणे आटपायचे. मोठ्या भावोजींनी लगेच संमतीपत्र लिहून त्याचा फोटो पाठवला. धाकटे म्हणाले, "वहिनी, मूळ प्रत कशी पाठवू? पोस्टही नीट चालू नाही." अखेर मूळ प्रती जुलैच्या अखेरीस एका ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर आल्या. वारस नोंदीचा अर्जही मी सोबतच दिला. फेरफाराची नोंद, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी असे होत ती सप्टेंबरमध्ये पूर्ण झाली. नऊ वर्षे जे 'करू पुढच्या मे महिन्यात' म्हणून राहिले होते, ते वादळाने करवून घेतले.

यादी चावडीवर लागली, तेव्हा आणखी एक घोटाळा निघाला. यजमानांच्या खात्याची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड बदलला होता. मी पंचनाम्याच्या वेळी पासबुकाची झेरॉक्स दिली होती, ती जुनीच. पैसे पाठवले गेले आणि परत आले. खातेदाराला त्याची सूचना येत नाही. 'जमा झाले का' असे आपणच विचारत राहावे लागते. मी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा परत आलेल्या रकमांची एक वेगळी यादी असते, असे कळले आणि तीत आमचे नाव सापडले. नवीन कोड देऊन घराचे १५,००० आणि वाडीचे ८,००० असे दोन्ही नंतर जमा झाले.

दरम्यान, हेक्टरी दर कोकणातल्या वाड्यांना न्याय देत नाही, अशी ओरड सगळीकडून होत होती, आणि शासनाने नारळाला प्रतिझाड २५० व सुपारीला प्रतिझाड ५० रुपये असा दर मान्य केला. ही रक्कमही झाडाच्या मोलाच्या मानाने हास्यास्पदच आहे. एका माडाचे एका वर्षाचे नारळ त्याहून अधिक पैसे देतात. तरी मोजण्याची रीत बदलली, हे महत्त्वाचे. पण मग प्रश्न आला की झाडे कोणी मोजली आहेत? जूनच्या पंचनाम्यांत आकडा होता तो फक्त शेऱ्यांत, आणि तोही आमच्यासारख्या मोजक्या घरांचा. बाकीच्यांकडे फेरपाहणीसाठी माणसे आली, तोवर पोफळींचे बुंधे तोडून सरपणात गेले होते, उन्मळलेले माड कापून वाशांसाठी विकले गेले होते आणि खड्डे पावसाने भरून आले होते. 'होती म्हणजे किती होती' याचा पुरावा म्हणून काहींनी पाडप्याला, म्हणजे नारळ-सुपारी पाडणाऱ्याला, दिलेल्या मजुरीच्या जुन्या नोंदी काढल्या, काहींनी फोनमधले लग्नाचे फोटो दाखवले. ज्यांच्याकडे काहीच नव्हते, त्यांच्या बाबतीत गुंठ्यांवरून अंदाजाने आकडा धरला गेला, आणि दाट लावलेल्या जुन्या वाड्यांना तो कमी पडला.

आमच्या पोफळी १६३, म्हणजे ८,१५०. माड १४ की २३, यावर थोडे अडले. यादी करणाऱ्या कारकुनाने फक्त उन्मळलेले १४ धरले होते. मी पंचनाम्याची माझ्याजवळची प्रत घेऊन गेले. ती प्रत मिळावी म्हणून जूनमध्येच पथकाच्या पाठीमागे लागून मी फोटो काढून ठेवला होता आणि नंतर अर्ज करून साक्षांकित नक्कलही घेतली होती. शेऱ्यातली ओळ मी दाखवली. तोवर नऊपैकी सहा माड वाळले होते आणि त्यांचे फोटोही माझ्याकडे होते. त्यांनी ओळ दोनदा वाचली, साहेबांना विचारून आले आणि २३ लिहिले. ५,७५० रुपये. दोन्ही मिळून १३,९००. त्यातले आधी मिळालेले ८,००० वजा जाऊन उरलेली रक्कम जानेवारीत खात्यावर आली.

राहिलेल्या तीन माडांपैकी दोन शिमग्याच्या सुमारास गेले. तिसरा अजून उभा आहे; त्याला नवी झावळी फुटली, आणि सासूबाईंचे म्हणणे एकदाच चुकले. त्याचे २५० रुपये परत करायला हवेत का, असे मी तलाठी भाऊसाहेबांना एकदा विचारले. ते हसले आणि म्हणाले, "वहिनी, परत घेण्याचा रकाना नाही."