मे महिन्यात गरम मुठी: आमची वाटचाल

आमचा गाळा करी रोडला, दहा बाय बाराचा. बाबा टॅक्सीचे वायरमन, पद्मिनीचं वायरिंग त्यांना डोळे मिटून यायचं. 2003 नंतर नवी पद्मिनी टॅक्सी पासिंगला आलीच नाही, आणि वीस वर्षांची मुदत जशी भरत गेली तसं आमचं गिऱ्हाईक गाडीगणिक आटत गेलं. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी रस्त्यावरून उतरली. तोवर दारात मोटरसायकलीच उभ्या असायच्या.

त्या मी आणल्या. 2016 ला रॉयल एनफिल्डची हिमालयन मोटरसायकल बाजारात आली आणि गिरगाव-दादरची पोरं लडाख-स्पितीचे बेत करू लागली. फॉग लाइट लाव, मोबाइलचा चार्जर लाव, अशी कामं यायची. मग एक जण गरम होणाऱ्या ग्रिपची, म्हणजे हँडलच्या मुठींची, जोडी घेऊन आला. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "मुंबईत? हात शेकायला?"

पहिल्या काही जोड्या मी बसवल्या त्या हौसेने, डोक्याने नाही. स्विचची वायर थेट बॅटरीला जोडून मोकळा. त्यातल्या एकाचा सकाळी सकाळी स्पितीतल्या काझाहून फोन. रात्री स्विच चालूच राहिला होता आणि गाडी गार. जोडी साधारण 40 वॅट खाते, म्हणजे तीन-सव्वातीन अँपिअर. 8 अँपिअर-अवरच्या बॅटरीला तो अडीच तासांचा खेळ, थंडीत तेवढाही नाही. त्याला एका जीपवाल्याने जंपर लावून दिला. माझ्यावर तो ओरडला नाही, हेच जास्त लागलं. बाबा एवढंच म्हणाले, "टॅक्सीत पंखा लावताना रिले लावायचो ना आपण?"

तेव्हापासून रिले, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, आणि त्याला इशारा चावीच्या लाइनीतून. चावी काढली की ग्रिप बंद. बॅटरीजवळ पाच अँपिअरचा फ्यूज. एप्रिल 2017 पासूनच्या नव्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचा स्विचच नसतो, तो भार कायमचा धरायचा. म्हणून फॉग लाइट आधीच असतील तर इंजिन आयडलवर ठेवून, सगळं चालू करून बॅटरीवर मीटर लावतो. आकडा साडेबारा व्होल्टच्या खाली घसरला तर गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, दोन्हींतलं एक वापर. काही जण रागावून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

वायरिंगपेक्षा वेळखाऊ काम रेसच्या मुठीचं. जुनी ग्रिप कंप्रेसरच्या हवेने सुटते, पण आतल्या प्लॅस्टिकच्या नळीवरच्या रेघा घासून सपाट केल्याशिवाय नवी चढत नाही. ग्लू लावला की बसवायला हातात काही सेकंदच. वायर कुठून निघणार ते आधी कोरडी चढवून, रेस पूर्ण पिळून ठरवायचं, नाहीतर ती ब्रेकच्या लिव्हरखाली येते. शेवटी गाडी चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवतो. आवाज जराही चढला तर कुठेतरी केबल ओढली जातेय, पुन्हा सगळं खोल. रेस सोडल्यावर मूठ आपोआप, फटकन मागे आली पाहिजे. हे बाबा स्वतः बघतात, अजूनही.

क्लचकडची मूठ जरा थंड लागते, लोक म्हणतात एकच चालतेय. तिकडे मुठीखाली थेट हँडलचा पाइप, तो लोखंडी, ऊब पिऊन टाकतो. रेसकडे मध्ये प्लॅस्टिक आहे.

आमचा सीझन मे-जून, कारण वरचे रस्ते तेव्हा उघडतात. म्हणजे घामाने निथळणाऱ्या माणसाला मूठ गरम झाली का, विचारायचं. त्याला काय कळणार? मग शेजारच्या रसवाल्याकडून बर्फाचा खडा आणतो. गिऱ्हाइकाने तो मिनिटभर मुठीत धरायचा, हात पुसायचा आणि मग ग्रिप पकडायची. चेहऱ्यावरच कळतं. यंदा रसवाल्याने बर्फाची वेगळी वही घातली आहे आमच्या नावाने.