पलंगभर अर्धी कामं

फोंडा, आषाढ, शनिवार

कपाटातली बुरशी पुसायची म्हणून सगळं बाहेर काढलं आणि पलंग भरला. क्रोशेच्या चादरीचे चौकोन, जुन्या सुती साड्यांची नुसती टाचून ठेवलेली गोधडी, अर्धीच फुलं भरलेला टेबलक्लॉथ, निळ्या नक्षीच्या टाइल्स. कोपऱ्यात वाजवायची पेटी आहेच. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "हें किदें गो, परत नवें?" म्हटलं, "नवं काही नाही आई, सगळं जुनंच आहे."

अर्धवट कामांना लोक आळस म्हणतात. आळशी माणूस एवढं सुरू तरी करेल का? माझ्या मते प्रत्येक काम आपापल्या ठरलेल्या जागी अडतं. चादरीचंच घ्या. चौकोन विणताना सुख असतं. तीन खांब, एक साखळी, पुन्हा तीन खांब. कोपरा आला की त्याच जागेत दोनदा. बोटं चालत राहतात, डोळे मालिकेवर. पण रंग बदलला की दोऱ्याची दोन टोकं लोंबतात. एका चौकोनात चार रंग घेतले की आठ शेपट्या, आणि त्यातली एकेक सुईत ओवून टाक्यांतून पुढे-मागे फिरवून लपवायची. उगाच कापली तर दुसऱ्या धुण्यात उसवते. माझी चादर तिथेच अडली आहे. विणायचं काही उरलेलं नाही, शेपट्या उरल्यात.

काही कामं हवाच अडवते. आता पेटी उघडण्यात अर्थ नाही, पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटल्यात, एक दाबली की शेजारचीही बोलते. टाइल्सवर चढवलेला झिलईचा कच्चा थर या दिवसांत नीट वाळत नाही. तो वाळून पिठासारखा झाला पाहिजे, तरच ब्रश टेकल्या क्षणी रंग शोषून घेतो. मग रेघ पुसायची सोय नाही. पणजीला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासू यांचं १९३५ चं निळं टाइलचित्र आहे. ते बघूनच मला हे खूळ लागलं. एवढी भिंत, आणि कुठे हात थरथरलेला दिसत नाही!

मजा म्हणजे टाइलचा आणि टेबलक्लॉथचा खाका एकच. बटर पेपरवर नक्षी काढायची, रेघेवरून टाचणीने भोकं पाडायची. कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवली की ठिपके उमटतात, हे आईने शिकवलं होतं. टाइलवर नीळ नाही, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. टाइल भाजताना भट्टीत कोळसा जळून जातो. म्हणून मी दोन्ही कामं बरोबरच काढली, आणि दोन्ही बरोबरच थांबली.

पूर्ण काय होतं? चवथीचं मखर. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट. दरवर्षी, न चुकता. रात्री बारापर्यंत जागून का होईना, सुपारीचे घोस आणि चिबूड टांगलेले असतात, कारण ती तारीख माझ्या हातात नसते. वाड्यावरच्या पोरांचंही तेच. त्यांची कॉलेजची जर्नलं कधी वेळेवर जात नाहीत, पण दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचा पुतळा उभा म्हणजे उभा. पहाटे जाळायचाच असतो ना.

तर तारीख बाहेरून आणायची. भाची दिवाळीनंतर बाळंत होणार आहे. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, दुकानातलं नको, तुझ्या हातचं काहीतरी दे." क्रोशेला एक मोठी सवलत आहे, चौकोन जोडत कुठेही थांबलं तरी ते पुरं दिसतं. गोधडीला तसं चालत नाही, थर टाचले की कडेपर्यंत धावदोरा घालावाच लागतो. तेव्हा डबल बेडची चादर रद्द. बाळाच्या पांघरुणापुरते चौकोन वेगळे काढले, आणि आज दुपारी मालिका न लावता शेपट्या ओवायला बसले.

उरलेल्या चौकोनांचे उशीचे अभ्रे कर, असं सासूबाईंचं म्हणणं. अजून हो म्हटलेलं नाही.