सड्यावरच्या 'गायी'ची नोंद: नोव्हेंबर ते जून

मागच्या नोंदीत ज्या प्राण्याच्या नुसत्या पाठीबद्दल लिहिलं होतं, तोच हा: कातळशिल्पातला, म्हणजे फार पूर्वी माणसांनी उघड्या कातळावर रेषांनी कोरलेला प्राणी. रत्नागिरी तालुक्यातला एक सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, त्याचा दक्षिणेकडचा उतार, आणि तिथून जेमतेम तीनशे पावलांवर चिरेखाणीची कड. गावाचं नाव याही वेळी लिहीत नाही. जागामालकांनी नोंद करायला परवानगी दिली आहे, पुरातत्त्व विभागाला छायाचित्रांसह पत्र गेलं आहे, पण कातळाभोवती गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, घातल्याशिवाय ठिकाण सांगू नये असं मालकांचं म्हणणं आहे आणि मला ते शंभर टक्के पटतं.

नोव्हेंबर. दिवाळीनंतर गोठ्यासाठी गवत कापून नेतात, त्याआधी सड्यावर जाण्यात अर्थ नसतो. यंदा कापणी होताच दुसऱ्या दिवशी पोचले. कातळावर उरलेला पाचोळा आणि सुटी माती केरसुणीने झाडली. खराटा घेऊ नका. त्याच्या काड्यांनी दगडावरची दगडफुलाची पापुद्री निघते, आणि तीच पुढे किती कामाला येते ते खाली लिहिलंय.

झाडल्यावर पाठीच्या पुढे मान दिसली, मग डोकं, आणि डोक्यावर नाकाच्या अंगाला वर गेलेली एक तिरकी रेघ. हात थरथरले. देऊडच्या सड्यावर कोरलेला गेंडा आहे हे कातळशिल्पांच्या नोंदी करणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. कोकणात आज गेंडा नाही, पण गुजरातेत लांघणजच्या मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याच्या खांद्याचं हाड सापडलं होतं. लहान दगडी हत्यारं घडवताना त्याचा ऐरणीसारखा उपयोग केलेला होता. म्हणजे पश्चिम भारतातल्या त्या माणसांना हा प्राणी चांगला ओळखीचा होता. हे सगळं डोक्यात असताना ती तिरकी रेघ मला शिंगाशिवाय दुसरं काही वाटेना. वहीत मी त्याच दिवशी 'गेंडा, एकशिंगी' असं लिहून टाकलं. तो शब्द लिहिला नसता तर पुढचे दोन महिने वाचले असते.

डिसेंबर. दोरीचं जाळं. ३ मीटर बाय २ मीटर, दर ५० सेंटीमीटरला दोरी, असे २४ चौकोन. कातळात खिळे ठोकायचे नाहीत हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते. दोऱ्या मी कडेला ठेवलेल्या सुट्या चिऱ्यांना बांधल्या. ए-३ आकाराच्या आलेख कागदावर १:१० प्रमाणात प्रत्येक चौकोन ५ सेंटीमीटरचा येतो, हे प्रमाण उन्हात उकिडवं बसून काढायला सोयीचं पडतं. मापं अशी: तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत २ मीटर ३५ सेंटीमीटर, पाठीपासून पायापर्यंत १ मीटर ४० सेंटीमीटर. खोदरेषेची रुंदी ३ ते ४ सेंटीमीटर, खोली बहुतेक ठिकाणी दीड-दोन सेंटीमीटर.

जांभ्यावर रेषा काढताना मुख्य अडचण जांभ्याचीच. दगड मुळातच छिद्रांचा, जाळीदार. मागचा पाय काढताना तीन चौकोनांत मी बोटाने चाचपून ठरवत होते की ही खळगी माणसाची की दगडाची. जिथे ठरलं नाही तिथे तुटक रेष काढली. तुटक रेष काढायला कमीपणा वाटू देऊ नका, ती सगळ्यात खरी रेष असते. 'शिंग' मात्र मी ठाम, जाड काढलं.

एक दोघांनी विचारलं होतं की रेषांत रांगोळी किंवा खडू भरून फोटो का काढत नाही, किती छान उठून दिसेल. उठून दिसेल हे खरं. पण रांगोळी भरणारा स्वतःचं मतच दगडावर भरत असतो, आणि एकदा तो फोटो पसरला की मूळ रेष कुणी बघत नाही. शिवाय ती भुकटी जांभ्याच्या छिद्रांत बसते, निघता निघत नाही. माझा याला ठाम विरोध आहे.

जानेवारी. रात्रीचं काम. भाचा सोबत होता. कॅमेरा तिवईवर घट्ट, आणि टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून मीटरभर लांबून, आठ दिशांनी आठ फोटो. दिवसा बारा वाजता जो कातळ सपाट दिसतो, तो अशा तिरप्या उजेडात नांगरल्यासारखा दिसतो. पाठीची रेष एका ओघात मानेवर आली, कान असावेत अशा दोन आखूड रेघा दिसल्या. मग भाच्याने टॉर्च पश्चिमेला नेला आणि 'शिंगा'ची सावली वेगळीच पडली.

गुडघ्यावर बसून भिंग लावलं. प्राण्याच्या रेषेचा तळ गोलसर आहे, कडा झिजून मऊ झाल्यात, आत-बाहेर एकच काळपट साय. दगडफुलाचा राखाडी ठिपका कातळावरून सरळ रेषेत उतरतो आणि पलीकडे चढतो, मध्ये कुठे तुटत नाही. 'शिंगा'चा तळ टोकदार, कडा खरबरीत, आणि तळाशी नखाएवढी जागा अजून तांबूस. तिथे दगडफूल शिरलेलंच नाही. वरची साय फोडून आतला जांभा उघडा पडला की जसा दिसतो, अगदी तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरं घेऊन आलेल्या आबांना विचारलं. त्यांनी वाकून पाह्यलं आणि लगेच म्हणाले, "बाय, ती पहार हाय. चिरा बगायला आल्ते ना, त्यांनी मारलान." खाणीसाठी दगड जोखायला मारलेला घाव. प्राण्याला काय म्हणता, असं विचारलं, तर म्हणाले, "आमी गाय म्हनताव तिला. पैल्या पावसात पोटात पानी धरते."

घरी येऊन वहीतला 'गेंडा' खोडला. खोडला म्हणजे एक आडवी रेघ मारली, वाचता येईल अशी, तारखेसह. आता नोंद अशी आहे: 'चतुष्पाद, तोंड डावीकडे, कान दोन, शिंग नाही, तोंडाजवळ अलीकडचा घाव.' इथल्या सगळ्यांना, विशेषतः यंदा पहिल्यांदा सड्यावर जाणाऱ्यांना, हेच सांगायचं होतं. आधी रेष टिपा, प्राण्याचं नाव शेवटी लिहा. नाव आधी लिहिलं की डोळा नावाप्रमाणे बघायला लागतो.

फेब्रुवारी. फोटोग्रामेट्री, म्हणजे एकमेकांवर येणारे खूप फोटो जोडून संगणकावर त्रिमितीय मॉडेल करणं. सूर्य वर यायच्या आधी, सावली नसताना, २१२ फोटो, शेजारच्या दोन फोटोंत दोनतृतीयांश भाग सामाईक, दोन बाजूंना मापासाठी ५० सेंटीमीटरच्या पट्ट्या. पहिलं मॉडेल मानेजवळ फाटलं, कारण तिथले फोटो काढेपर्यंत ऊन आलं होतं आणि माझीच सावली पडली. दुसऱ्या पहाटे तेवढाच भाग पुन्हा घेतला.

रंग काढून नुसता उंचसखलपणा पाह्यला तेव्हा पोटाच्या आत, चौकोन १४ मध्ये, एक वक्र दिसला. खोली जेमतेम ८ मिलिमीटर. तो पोटातल्या मातीच्या थराखाली शिरतो. कशेळीच्या सड्यावरचा कोरीव हत्ती आठवला, सुमारे १८ मीटर लांबीचा, ज्याच्या अंगात कितीतरी लहान प्राणी कोरलेत. पण एकदा पोळलेय, म्हणून वहीत फक्त 'वक्र रेष' असं लिहिलं. माती उकरली नाही. गवताच्या मुळांनी धरलेला तो थर तिथे केव्हापासून आहे कोण जाणे, त्यात दगडाची एखादी कपची असेल तर ती उत्खननाची शिस्त शिकलेल्या माणसाच्या हाती लागायला हवी. सुटा पाचोळा झाडणं वेगळं, उकरणं वेगळं. ही मर्यादा आपण सगळ्यांनी पाळली पाहिजे, मन कितीही ओढ घेवो.

मार्च ते मे मध्ये दोनच चकरा झाल्या. अकरा वाजल्यानंतर कातळावर हात टेकवत नाही. मधल्या एका रविवारी उक्षीला जाऊन आले. तिथल्या कोरीव हत्तीभोवती बांधलेला गडगा आणि कडेने बघायची सोय जागामालकांना फोटोत दाखवली. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या कातळशिल्पांची जी नऊ ठिकाणं गेली, त्यात उक्षी आहे. मालकांनी फोटो निरखून पाह्यले आणि चिरे आपल्याच खाणीतले देतो म्हणाले.

जून. पहिल्या पावसाची आबांनी फोनवर वर्दी दिली. पोचले तेव्हा सर थांबून दहा मिनिटं झाली होती. पाणी पाठीच्या रेषेतून घरंगळत मागच्या पायात उतरत होतं, मानेची रेष काठोकाठ भरली होती, आणि पहारीचा घाव त्या ओळीत नव्हता. त्याच्यात नि डोक्यात चार बोटं अखंड कातळ आहे, पाण्याने घाव स्वच्छ वगळला. पोट खरंच भरलं होतं, पसाभर, लांबट. मातीच्या थरापलीकडे, जिथे मी काहीच काढलं नव्हतं, तिथे पाण्याची एक बारीक वाकडी तार चमकत होती, चौकोन १४ मधून १५ मध्ये जाणारी. छत्री भाच्याकडे देऊन मी ती ओल्या कागदावर पेन्सिलीने काढली. तुटक रेषेने.

पुन्हा सर आली. आता गवत वाढेल. नोव्हेंबरात कापणी झाली की चौकोन १५ पासून.