चवथीआधीची उजळणी

शनिवार, रात्री अकरा

सकाळपासून पाऊस धरून आहे. दुपारी दोनदा वीज गेली, त्यामुळे स्पीकर लावून बसायला रात्र झाली. आता घरात सगळे झोपलेत आणि कौलांवर पाऊस इतका वाजतोय की माझा आवाज शेजारी जाण्याची भीती नाही. पेडण्यातल्या पावसाळ्याचा गाणाऱ्याला हा मोठा फायदा.

चवथीला अजून सहा आठवडे आहेत. पाचव्या दिवशी आरत्या आटोपल्या की आमच्या वाड्यावर अंगणात कराओके लागतो. गेल्या वर्षी मी गायला उभा राहिलो आणि वरच्या ओळीवर आवाज मधोमध फाटला. कुणी काही बोललं नाही. पुढचं गाणं सुरू झालं, लोक विसरलेही असतील. मला मात्र ती ओळ वर्षभर ऐकू येत राहिली. म्हणून यंदा तो बारीक आवाज, ज्याला सगळे फॉल्सेटो म्हणतात, नीट शिकायचा असं ठरवलं आहे. पहिला महिना गाणी निवडण्यातच चुकलो. जी गाणी सगळ्यात उंच, ती सरावाला सगळ्यात चांगली, असं मला वाटत होतं.

आज मुलीनं पेटीवर एक गोष्ट दाखवून दिली. माझी पट्टी काळी एक. ती एकेक स्वर वर चढवत गेली आणि मी 'आ' लावत गेलो. तार षड्ज ठीक, कोमल रिषभ ठीक, शुद्ध रिषभाला ताण. तार सप्तकातल्या कोमल गंधारावर आवाज मोडला. तीन वेळा केलं, तीनही वेळा तिथंच. "बाबा, तुझा आवाज वर जात नाही असं नाहीये. या एका पट्टीवर त्याला कुठल्या बाजूला जायचं ते कळत नाही," ती म्हणाली. पुरुषांचा आवाज साधारण याच भागात कूस बदलतो. कुणाचा अर्धा स्वर आधी, कुणाचा नंतर.

मग मी महिनाभर सरावाला घेतलेली गाणी काढून पाहिली. बहुतेकांचा सगळ्यात वरचा स्वर नेमका त्या गंधाराच्या आसपास होता. भरल्या आवाजात घेतला तर घसा आवळतो, सोडून दिला तर आवाज पोकळ होतो. म्हणजे रोज मी आवाजाला त्याच उंबऱ्यावर नेऊन उभा करत होतो आणि आत जा की बाहेर जा ते सांगतच नव्हतो.

कराओकेच्या ॲपमध्ये पट्टी बदलायची सोय असते. अधिकचं बटण एकदा दाबलं की गाणं पेटीवरच्या एका पट्टीनं वर जातं, पांढरी एकची काळी एक होते. आजवर मी ही सोय फक्त गाणं खाली आणायला वापरली. आज तीन पट्ट्या वर नेलं. वरची ओळ उंबरा ओलांडून पलीकडे गेली आणि तिथं भरल्या आवाजाचा हट्ट उरलाच नाही. ओळ पातळ लागली, पण अखंड लागली. चार-पाच पट्ट्यांच्या वर मात्र जाऊ नये. ढोलकी डब्यासारखी वाजायला लागते आणि लक्ष गाण्यावरून उडतं.

रविवार, संध्याकाळी

भाऊकाकांकडे जाऊन आलो. काकांनी पंचवीस वर्षं धयकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, स्त्रीपार्ट केला. आमच्याकडे आणि पलीकडे सिंधुदुर्गात दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात, रात्रभर बोलतात आणि गातात. लहानपणी देवळासमोर आईच्या मांडीवर झोपेत मी काकांचा तो आवाज ऐकला आहे. पहाटेपर्यंत तो बसत नसे.

मी त्यांना म्हटलं, "काका, मी खोटा आवाज शिकतोय."

ते रागावले नाहीत, पण थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खोटा कसा रे तो? तुझ्याच गळ्यातून येतो ना?"

हा शब्द मी शाळेत असताना ऐकला होता. गाण्याच्या मास्तरांनी कुणाला तरी झापलं होतं, "खोटा आवाज लावू नकोस, छातीतून गा." तेव्हापासून तो बारीक आवाज म्हणजे चोरी, असं डोक्यात बसलं. चोरटा आवाज असंही म्हणतात त्याला. शास्त्रीय बैठकीत त्याला आक्षेप का घेतात ते मी समजू शकतो, तिथं आवाजाचा भरीवपणाच मोजला जातो. पण गळ्यात जे घडतं त्यात खोटं काही नाही. भरल्या आवाजात स्वरतंतू पूर्ण जाडीनिशी हलतात. बारीक आवाजात ते ताणले जातात, पातळ होतात आणि फक्त त्यांच्या कडा थरथरतात. बऱ्याचदा त्या कडा पूर्ण मिटत नाहीत, मधून हवा निसटते. म्हणून तो आवाज मऊ आणि थोडा श्वासाळ लागतो, म्हणून दमही लवकर संपतो.

हे कळल्यावर गाणी निवडण्याचा निम्मा प्रश्न सुटला. लांबलचक ओळींचं गाणं सुरुवातीला घ्यायचंच नाही. दोन ओळींत श्वास घ्यायला जागा हवी. ठेका हलका हवा, कारण मागे ढोल वाजू लागले की आपण नकळत जोर लावतो आणि जोर लावला की तो आवाज पळतो.

काकांना विचारलं की तुम्ही सुरुवात कशी केली. ते म्हणाले, "बाईचा आवाज काढायला जायचंच नाही. आधी हळू बोलायचं. हळू बोललास की तो आपणहून वर जातो." मंगेशीला १९०० साली जन्मलेले मास्टर दीनानाथ स्त्रीभूमिका करायचे, हे त्यांनी मला आजवर किमान दहा वेळा सांगितलं असेल. आज परत सांगितलं. आज मी पहिल्यांदा नीट ऐकलं.

बुधवार, रात्री साडेनऊ

आज काहीच जमलं नाही. शाळेत दोन वर्ग एकत्र बसवले होते, दिवसभर ओरडावं लागलं. बोलण्याचा आवाज ठीक होता, पण बारीक आवाज लागेचना, नुसती हवा. घसा थोडासा जरी सुजला तरी आधी हाच आवाज जातो, कारण सुजलेल्या कडा हलकेच थरथरू शकत नाहीत. शिक्षकाला ही चांगली खूण आहे. हळू 'ऊ' लावून पाहायचा; लागला नाही तर गाणं बंद, गरम पाणी आणि मौन.

म्हणून आज नुसती गाणी ऐकली आणि चाळली. कळंगुटच्या बाजूला कराओकेत बी जीज या इंग्रजी बँडची गाणी फार चालतात. त्यातलं 'स्टेइंग अलाइव्ह' १९७७ चं. त्यांचा गायक बॅरी गिब तो बारीक आवाज इतक्या ताकदीनं आणि इतका वेळ लावून धरतो की नवशिक्यानं तिथून सुरुवात केली तर आठवडाभर घसा धरून बसावं लागेल. अ-हा या बँडचं 'टेक ऑन मी' मला फार आवडतं. ध्रुवपद खालून पायरी पायरीनं चढतं आणि शेवटचा स्वर फॉल्सेटोत सुटतो. पण ते अडीच सप्तकांहून जास्त फिरतं. ते परीक्षेचं गाणं, सरावाचं नव्हे. शिवाय खालून वर चढण्यापेक्षा वरून खाली उतरणं सोपं. बारीक आवाजात वर सुरुवात करून उंबऱ्याखाली आलो की तो हळूहळू भरतो, झटका बसत नाही. वरून उतरणाऱ्या ओळी शोधायच्या, हे वहीत ठळक लिहून ठेवलं आहे.

किशोरकुमारला पर्याय नाही, पण त्याचा क्रम लावावा लागतो. 'अंदाज'मधलं (१९७१) 'जिंदगी एक सफर है सुहाना' यात यॉडलिंग आहे. तिथं तो उंबरा लपवत नाही, उलट दोन आवाजांत मुद्दाम उड्या मारतो. आधी दोन्ही आवाज वेगवेगळे लागायला हवेत, मग त्या उड्या. आणि 'हाफ टिकट'मधलं (१९६२) 'आके सीधी लगी दिल पे', ज्यात स्त्री आणि पुरुष दोन्ही आवाज त्याचेच आहेत, ते मी पुढच्या चवथीसाठी राखून ठेवलं आहे. काकांना ते गाणं ऐकवायचं आहे.

यंदाचं गाणं ठरलं. सुमन कल्याणपूर यांचं 'निंबोणीच्या झाडामागे'. बाईनं गायलेलं गाणं पुरुषानं मूळ पट्टीत घेतलं की बरीचशी चाल आपोआप उंबऱ्याच्या पलीकडे जाते, म्हणून बटणाला हातच लावायचा नाही. अंगाई आहे, तेव्हा ठेका हलका. हळू गायचीच ती. मुलगी तान्ही असताना मी हीच अंगाई खालच्या सप्तकात गुणगुणायचो, त्यामुळे शब्द पाठ आहेत आणि डोळे पडद्यावर ठेवावे लागत नाहीत. एक अडचण आहे, 'झाडा'तल्या 'आ'वर तोंड उघडलं की आवाज भरल्या बाजूला ओढला जातो. 'ऊ' आणि 'ओ'वर तसं होत नाही. म्हणून सध्या अख्खी चाल नुसत्या 'ऊ'वर म्हणतोय, शब्द पुढच्या आठवड्यात.

पाचव्या दिवशी भाऊकाकांना आणायला हवं. त्यांना रात्रीचं नीट दिसत नाही, तेव्हा आरतीच्या आधीच गाडी घेऊन जाईन.