सहाशे नव्वद रुपयांचा बटाटा

पहिला पगार हातात आला त्याच दिवशी थोरल्या लेकीने जाहीर केलं होतं, की आईबाबांना कुठेतरी भारी जेवायला नेणार. माझ्या डोक्यात भारी म्हणजे एसी हॉल आणि अनलिमिटेड थाळी. ती म्हणाली, कोरेगाव पार्क, पेरुव्हियन. घरी माझ्या आईने ऐकलं आणि विचारलं, "नुसत्या पेरूचं असं काय काय करतात रे?" देशाचं नाव आहे असं सांगितल्यावर म्हणाली, "मग घरून चार घास खाऊन जा."

वार शुक्रवार ठरला, कारण शनिवारी मार्केट यार्डाला सुट्टी. एरवी मी साडेनऊला आडवा होतो. पहाटे चारला गाळ्यावर पोचायचं असतं. कांदा-बटाटा विभागात आमची आडत आहे. आधी वडील बसायचे, आता तेवीस वर्षं मी बसतो. शर्ट इस्त्रीचा होता, पण नखांतली माती काही जात नाही, आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर ती फारच उठून दिसते. उजेड इतका कमी, की मेन्यू वाचायला मी मोबाइलचा टॉर्च लावला. थोरलीने टेबलाखालून पाय मारला.

मेन्यूत जिथे तिथे 'पापा'. वेटर पोरगा म्हणाला, "सर, पापा म्हणजे बटाटा." थोरली हसत सुटली. "बाबा, सगळा मेन्यू तुमच्यावरच आहे!" तिथून मी जरा सावरून बसलो. म्हटलं, चला, ओळखीचं कोणीतरी निघालं.

आधी माझ्यासाठी सेविचे आलं. जिताड्याचे कच्चे तुकडे लिंबाच्या रसात, वर लाल कांदा, मिरची, कोथिंबीर, बाजूला उकडलेल्या रताळ्याची चकती आणि खारवलेले भाजके मक्याचे दाणे. विस्तव लावलेलाच नाही. लिंबाच्या आंबटपणाने मासा वरून पांढरा आणि घट्ट होतो, पण शिजवल्यावर जंतू मरतात तसे यात मरत नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त मासा ताजा असण्यावर. मेन्यूच्या मागे छापलं होतं की २०२३ मध्ये युनेस्कोने सेविचेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तळाशी जो आंबट-तिखट रस उरतो त्याला ते लोक 'वाघाचं दूध' म्हणतात. आम्हा पुणेकरांना वाघिणीचं दूध म्हटलं की चिपळूणकरांची इंग्रजी आठवते. मी चमच्याने सगळं प्यायलो. इंग्रजीपेक्षा बरं उतरलं.

बायको शाकाहारी. तिच्यापुढे ओकोपा नावाचा प्रकार आला. उकडलेल्या बटाट्याच्या जाड चकत्या आणि वर शेंगदाणे, मिरची, चीज आणि कुठलासा वासाचा पाला एकत्र वाटून केलेला दाट रस्सा. तिने एक घास घेतला आणि थांबली. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, त्यामुळे तिचं डोकं त्याच दिशेने चालत असणार. म्हणाली, "अहो, ही तर दाण्याची आमटी!" मग माझ्या ताटलीतल्या रताळ्याकडे बोट दाखवलं. "बटाटा, रताळं, दाणे, मिरची. साबुदाणा तेवढा राहिला."

थोरलीने मोबाइलवर शोधलं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोसुद्धा दक्षिण अमेरिकेचाच. म्हणजे आपण देवासाठी धान्य सोडतो आणि जे खातो त्यातलं बहुतेक सगळं समुद्रापलीकडून आलेलं. (कोथिंबीर उपासाला चालते की नाही यावर माझ्या सासरी आणि घरी दोन पक्ष आहेत. तो वाद इथे काढत नाही.) तिला आणखी एक सापडलं. १९८७ मध्ये उत्तर पेरूत सिपान इथे एका जुन्या राजाची कबर सापडली, त्यात भुईमुगाच्या शेंगांची माळ होती. एका बाजूला सोन्याच्या शेंगा, दुसऱ्या बाजूला चांदीच्या. बायको म्हणाली, "त्यात काय, बोरांची बोरमाळ आपण घालतोच की." आणि माझ्याकडे अशी बघितली, की मी लगेच पाणी प्यायलो.

प्यायला जांभळ्या मक्याचं सरबत होतं, चिचा मोरादा. अननस, दालचिनी, लवंग घालून उकळलेलं. रंग कोकमाचा, वास मसालेभाताचा. दोघींना आवडलं.

आणि मग काउसा. कुस्करलेल्या बटाट्यात पिवळी मिरची आणि लिंबू मळून त्याचा थर, मध्ये अ‍ॅव्होकाडो, वर पुन्हा बटाटा. थंडगार, घडीव, एखाद्या पेस्ट्रीसारखा. किंमत ६९० रुपये. मी मनात हिशोब केलाच. त्या आठवड्यात दहा किलोला दोनशेच्या आसपास भाव होता. ताटलीत फार तर दीडशे ग्रॅम बटाटा. तीन रुपये. वरचे ६८७ कशाचे, ते अंधाराचे असावेत.

पण जिभेला वेगळंच काही खटकलं. मिरची झणझणली, लिंबू कळलं, आणि शेवटी मागे एक गोडी राहिली. ती गोडी मी ओळखतो. शीतगृहातली. आग्र्याकडचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि थंडीत ठेवतात. थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते. असा माल तळला की वेफर काळे पडतात आणि गिऱ्हाईक आमच्या नावाने बोंबलतं. वेटरला म्हटलं, "बटाटा कोल्डचा आहे ना?" तो गोंधळून आत गेला. थोरलीने कपाळावर हात मारला.

बाहेर आला तो खुद्द शेफ. पस्तिशीचा, सोलापूरचा निघाला. दुबईत एका पेरुव्हियन किचनमध्ये चार वर्षं काढलेली. "काका, तुम्हाला कसं कळलं?" मी धंदा सांगितला, तसा तो खुर्ची ओढून बसलाच. म्हणाला, तिकडे काउसाला वेगळा पिवळा बटाटा लागतो, आतून पिवळाजर्द आणि कोरडा भुसभुशीत. इथे तो मिळत नाही, म्हणून हा चिकट होतो. पेरूत बटाट्याच्या हजारो जाती आहेत, राजधानी लिमात १९७१ पासून बटाट्याचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. मी माझ्याकडच्या मोजल्या. ज्योती, पुखराज, चिपसोना, कधीमधी कुफरी लवकर (नाव मराठीच आहे, लवकर येतो म्हणून लवकर). बोटं उरली. आम्ही बटाटा बघतो तो आकाराने, मोठा, मध्यम, बारका. चवीने लावलेला भाव मी आजवर ऐकलेला नाही.

मग त्याने चुन्योचं सांगितलं आणि मी जेवण विसरलो. अँडीज पर्वतात उंचावर शेतकरी बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. रात्री ते गोठतात. दिवसा उन्हात सुटले की पायाने तुडवून पाणी काढतात. असं काही दिवस केलं की हलका, खडखडीत, खड्यासारखा बटाटा राहतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. इंका राजे तो कोठारांत भरून ठेवायचे. ना भाडं, ना वीज. मला गेल्या वर्षीची सडलेली वक्कल, म्हणजे बटाट्याचा अख्खा लॉट, आठवली. गोण्यांतून पाणी गळत होतं आणि हमाल नाकाला रुमाल बांधून उतरवत होते. असलं पाणी आधीच पायाने काढून टाकायचं, हे कोणाला सुचलं असेल?

मी त्याला आमची युक्ती दिली. कोल्डचा माल आल्या आल्या उकडायचा नाही. दोन आठवडे बाहेर ठेवायचा, अंधारात, हवा खेळती राहील असा. साखर बरीचशी उतरते. उजेडात ठेवलास तर हिरवा पडेल, मग फेकायचा. त्याने फोनमध्ये लिहून घेतलं. "जागा नाही हो काका, किचन केवढंसं." म्हटलं, जागा माझ्याकडे आहे.

बिल थोरलीने दिलं. आकडा तिने दाखवला नाही आणि मी विचारला नाही. परत येताना रिक्षात बायको म्हणाली, "उद्या दाण्याच्या आमटीत थोडं चीज घालून बघू का?" घरी आईने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "पोट भरलं?" मी भाकरी मागितली.

चिपसोनाचं एक पोतं बाजूला काढून गाळ्यात मागच्या भिंतीला लावलंय, वर गोणपाट टाकून. हमालांना सांगितलंय, हात लावायचा नाही. आज आठवा दिवस. काल त्यातला एक उकडून नुसत्या मिठाबरोबर खाल्ला. अजून थोडा गोड लागतोय.