तुम्ही विचारलंत म्हणून : रोग पाळतेस कशाला?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की घरात विषय एकच: डाऊनी, भुरी, करपा हे वेलीचे रोग आणि आज फवारणी कशाची. एम.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं आणि प्रकल्पासाठी रोगजंतू वाढवायचे आहेत असं मी घरी सांगितलं, तेव्हा अण्णा पंप धूत होते. मान वर न करता म्हणाले, "आम्ही जन्मभर औषधं मारून रोग घालवतोय, आणि तू फी भरून रोग पाळतीस व्हय?"

तेव्हापासून हा प्रश्न मला लग्नघरात भेटतो, एसटीत भेटतो, सांगलीत आमच्या सोसायटीच्या जिन्यातही भेटतो. परवा शेजारच्या ताईंनी जरा सभ्यपणे विचारला, "जंतू मारायचे सोडून वाढवता कशाला हो?" ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मारायला शिकणं फार अवघड नाही. ऑटोक्लेव्ह म्हणजे दांडगा प्रेशर कुकरच. १२१ अंश सेल्सिअस, १५ मिनिटं, की आतलं सगळं खलास. ते पहिल्याच आठवड्यात जमतं. जंतू जिवंत ठेवायचा, त्यात दुसरा कुणी मिसळू द्यायचा नाही आणि हातात नेमके किती आहेत हे छातीठोक सांगायचं, याला मला दोन वर्षं लागली.

माझ्या वाट्याला आलेला जंतू होता स्यूडोमोनास एरुजिनोसा. माती, सिंक, नळाची तोटी, कुठेही राहतो. धडधाकट माणसाच्या सहसा वाटेला जात नाही. भाजलेल्याच्या जखमेत किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या फुप्फुसात शिरला, की मात्र डॉक्टरांची झोप उडवतो. प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या उथळ ताटलीत, निळसर हिरवा रंग सोडतो आणि त्याला द्राक्षाचा वास येतो, असं पुस्तकात असतं. प्लेट नाकाशी धरून हुंगायची नसते, पण इन्क्युबेटरचं दार उघडलं की वास यायचा तो येतोच. तासगावची म्हणून माझं मत नोंदवते: तो आमच्या द्राक्षांचा वास नव्हे. दुकानात जांभळ्या कागदात मिळणाऱ्या 'द्राक्ष' गोळीचा आहे.

आता हाच जंतू तुमच्या-माझ्या सिंकमध्ये असेल, तर आपण आजारी का नाही? सगळी गोम इथे आहे. जंतू सापडणं वेगळं आणि तो रोग कसा करतो हे कळणं वेगळं. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू शोधून बसला, पण पटकी झालेला प्राणी काही त्याला दाखवता येईना. म्युनिकचा आरोग्यतज्ज्ञ पेटेनकोफर याला तर नुसत्या जंतूने पटकी होते हे पटतच नव्हतं. त्याने १८९२ मध्ये पटकीच्या जंतूंचं पाणी चक्क पिऊन दाखवलं आणि थोड्याशा जुलाबावर निभावलं. त्याचा निष्कर्ष चुकला, पण जंतू आत गेला म्हणजे रोग झालाच असं नाही, एवढं त्याने आपल्या पोटावर दाखवून दिलं.

'कसा' याचं उत्तर द्यायला शंभुनाथ डे हे शास्त्रज्ञ यावे लागले, तेही कलकत्त्यातच. सशाच्या आतड्याचा छोटा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा आणि आत जंतू सोडायचे, ही त्यांची रीत १९५३ ची. आतडं पाण्याने टम्म फुगायचं. मग १९५९ मध्ये त्यांनी जंतू वाढवलेलं पाणी असं गाळलं की त्यात एकही जंतू उरला नाही, आणि तेवढं गाळलेलं पाणीच आत सोडलं. आतडं तरीही फुगलं! म्हणजे जंतू विष सोडतो आणि जुलाब करतं ते विष. कॉखपासून ७५ वर्षं गेली आणि शेवटी कामाला आला तो दोरा आणि एक गाळणी. ही गोष्ट मला वर्गात कुणी सांगितली नाही, याचा राग अजून आहे.

पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅनली फॅल्को यांनी याच विचाराला जनुकाच्या पातळीवर शिस्त लावली. जंतूतलं ज्या जनुकावर संशय आहे ते बंद करा. रोगाचा जोर कमी झाला पाहिजे. मग तेच जनुक परत द्या. जोर परत आला पाहिजे. मिसळीच्या कटातून एक जिन्नस वगळला की चव जाते आणि परत घातला की येते, तेव्हाच चव त्याची. यातला 'परत घातला' हा भाग घाईची माणसं गाळतात.

माझा प्रयोग याच वळणाचा. स्यूडोमोनासकडे सुईसारखी एक नळी असते. ती पेशीला टोचून तो आपली विषं थेट आत सोडतो. आमच्याकडे तीन जंतू: एक मूळचा, एक नळी बिघडवलेला, एक नळी परत दिलेला. टोचायचे कुणाला, तर मेणपतंगाच्या अळ्यांना. मधपाळ या अळीला शिव्या घालतात, कारण ती पोळ्यातलं मेण पोखरते. आम्हाला सोयीची, कारण ती ३७ अंशांवर, आपल्या अंगाच्या तापमानाला, मजेत राहते. तिच्या रक्तातल्या पेशी आपल्या पांढऱ्या पेशींसारख्या जंतू गिळतात. संसर्ग वाढला की पांढरट अळी काळी पडत जाते.

टोचण्याआधी मोजणी. ब्रॉथ म्हणजे जंतू वाढवायचं पातळ खाद्य; रात्रभर वाढलेल्या एक मिलीलिटर ब्रॉथमध्ये जंतू शंभर कोटींच्या घरात असतात, ते थोडेच मोजता येतात? मग एक मिली घेऊन नऊ मिली सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, मिसळा, त्यातलं एक पुढच्या परीक्षानळीत, असं सहा वेळा, दर वेळी पिपेटची टिप बदलून. शेवटच्या परीक्षानळीतला दशांश मिली प्लेटवर पसरला की दुसऱ्या दिवशी शंभरेक ठिपके उगवतात. ३० ते ३०० च्या मधले असले तर आकडा वहीत उतरवायचा, नाहीतर प्लेट बाद.

दहा-दहा अळ्यांचे चार गट केले. तीन गटांना तीन जंतू, चौथ्याला नुसतं निर्जंतुक सलाईन. इन्सुलिनच्या सिरिंजने, डावीकडच्या शेवटच्या पायातून, दहा मायक्रोलिटर. दुसऱ्या दिवशी पाहते तर मूळ जंतूच्या दहाही काळ्याठिक्कर. मी खूश. मग सलाईनची डबी उघडली. दहातल्या सात मेलेल्या.

"बाकीचे गट तर बरोबर आलेत," मी मॅडमना म्हटलं. त्यांनी वही मिटली. "पाण्याने मेल्या, तर त्या जंतूने मेल्या हे कशावरून?"

चूक माझ्या हातात होती. सुई खोल घुसून आतडं फाटत होतं आणि अळी तिच्याच पोटातल्या जंतूंनी मरत होती. पुढचे तीन आठवडे मी फक्त पाणी टोचलं. होस्टेलच्या मुली विचारायच्या, "आज काय संशोधन?" मी सांगायचे, पाणी. एका सकाळी डबी उघडली, तर सलाईनच्या दहाही अळ्या वळवळत होत्या. एवढा आनंद मला पुढे पदवीच्या दिवशीही झाला नाही. त्यानंतर बाकीचं सरळ आलं: मूळ जंतूच्या काळ्या, नळी बिघडवलेल्याच्या बऱ्याचशा पांढऱ्या, नळी परत दिली की पुन्हा काळ्या.

भीती वाटत नाही का, हे विचारायच्या आत सांगते: वाटते, आणि वाटावी. गाळलेल्या हवेत काम करायच्या लॅमिनारच्या पेटीत वारा तुमच्या तोंडावर येतो, ती पेटी प्लेटला जपते, तुम्हाला नव्हे. रोगजंतूंसाठी बायोसेफ्टी कॅबिनेट वेगळं असतं, ते तुम्हालाही जपतं. हा फरक न कळलेली पोरं मी पाहिली आहेत.

पाण्याच्या अळ्यांची गोष्ट अण्णांना एकदा जेवताना सांगितली. ते बराच वेळ भाकरी मोडत गप्प होते. आमच्याकडे दर हंगामाला टॉनिकवाले येतात, बाटल्या देतात, आणि माल चांगला आला की श्रेय बाटलीचं. गेल्या छाटणीनंतर कडेच्या ओळीतल्या सहा वेलींना सुतळी बांधलेली दिसली. त्यांना टॉनिक मारायचं नाही, असं गड्याला बजावलेलं होतं.

घड उतरल्यावर मी विचारलं, "काय निघालं, अण्णा?"

"सहाच येलींवर काय कळतंय," ते म्हणाले. "पुढच्या साली आख्खी वळ सोडतो."